लाईट गेल्यानंतरचे पहिले पंधरा सेकंद, आणि चौदावा तास

प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्याला नोकरीला, आई-वडील गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईहून आत एका गावात. आईला रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) लागतो, मिनिटाला पाच लिटरवाला. पावसात लाईट जाते ती कधी दहा मिनिटांत येते, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी. वडिलांच्या गुडघ्यांमुळे त्यांना रात्री मागच्या पडवीत जाऊन जनरेटरची दोरी ओढणं जमत नाही. म्हणून आपोआप सुरू होणारा जनरेटर बसवायचा आहे. अमेरिकेतले व्हिडिओ तुम्ही बघितलेत, त्यात दहा सेकंदांत अख्खं घर परत उजळतं. आणि ओळखीचा एक हॉटेलवाला त्याचा जुना २५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) जनरेटर सेट स्वस्तात देतोय, तो घ्यावा का?

मी फोंड्यात २७ वर्षं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंग करतो. सेट बसवणं, पॅनल बांधणं आणि दुसऱ्यांनी बसवलेले बिघडले की रात्री-अपरात्री जाऊन बघणं, हे माझं काम. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: तो सेट घेऊ नका, फुकट दिला तरी. का ते पुढे येईल.

तुमचा प्रश्न जनरेटरचा वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली, लाईट गेल्यापासून सेट लोड घेईपर्यंतच्या पंधरा-वीस सेकंदांत आईच्या यंत्राचं काय. दुसरी, लाईट चौदा तास आलीच नाही तर चौदाव्या तासाला सेट चालू असेल का, आणि नसेल तर घरात कोण आहे. दुकानदार तुम्हाला या दोन्हीच्या मधला भाग विकतो.

आधी पंधरा सेकंदांचा हिशेब. रात्री दोन वाजता फीडरवर, म्हणजे सबस्टेशनवरून गावाला येणाऱ्या लाईनीवर, फांदी पडली असं धरा. घरातला मेन कॉन्टॅक्टर (लाईनची वीज घराला जोडणारा चुंबकी स्विच) धाडकन सुटतो, अंधार होतो. पॅनलमधला कंट्रोलर (आम्ही त्याला एएमएफ पॅनल म्हणतो, मेन्स, म्हणजे बाहेरची लाईट, गेल्याचं ओळखून सेट चालू करणारं) लगेच काही करत नाही. तीन ते पाच सेकंद थांबतो. आपल्याकडे फीडर ट्रिप होऊन क्षणात परत लागणं रोजचं आहे, प्रत्येक डोळा मिचकावण्याला सेट उठवला तर सेल्फ आणि बॅटरी महिन्यात बसेल. लाईट खरंच गेली अशी खात्री झाली की तो डिझेलचा सोलेनॉइड उघडतो आणि सेल्फ मारतो. इंजिन धरलं की त्याला ते चार्जिंग अल्टरनेटरच्या व्होल्टेजवरून आणि वेगावरून कळतं, तो सेल्फ सोडतो. धरलं नाही तर थोडी विश्रांती देऊन पुन्हा, असं तीन वेळा. तिसऱ्यांदाही नाही तर लाल दिवा लावून गप्प बसतो. हा लाल दिवा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

इंजिन धरल्यावर ते १५०० फेऱ्यांवर येतं. चार पोलचा अल्टरनेटर (सेटमधला वीज तयार करणारा भाग) मिनिटाला १५०० फेरे फिरला की ५० हर्ट्झ मिळतात, आपल्या लाईनची तीच फ्रीक्वेन्सी. फेरे सांभाळायचं काम गव्हर्नरचं, व्होल्टेज २३० वर धरायचं काम एव्हीआरचं. दोन्ही जागेवर आले की कंट्रोलर आणखी पाच-दहा सेकंद इंजिनाला तेल फिरवायला देतो आणि मग जनरेटरचा कॉन्टॅक्टर ओढतो. पुन्हा 'धाड', आणि पंखे फिरायला लागतात. सगळं धरून बारा ते वीस सेकंद. कोणी पाचच सेकंद म्हणाला तर त्याला विचारा, वॉर्मअपचा टायमर किती ठेवलास.

लाईट परत आल्यावरही घाई नसते, नसावी. लाईनमन काम आटोपून फीडर लावून बघतो, ट्रिप होतो, पुन्हा लावतो. पावसाळ्यात हे तीन-चारदा होतं. म्हणून कारखान्यातून एक मिनिटावर आलेला टायमर मी सत्तरी-सांगे भागात तीन ते पाच मिनिटांवर नेतो. लाईट एवढा वेळ सरळ टिकली की मगच घर परत मेन्सवर जातं. त्यानंतर सेट दोन-तीन मिनिटं रिकामा फिरतो, डोकं थंड करून मग थांबतो. घर लाईनवर आलं तरी सेट अजून का चालतोय म्हणून वडील घाबरून बंद करायला जातील. त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आता कॉन्सन्ट्रेटर. वीस सेकंद अंधार पंख्याला चालतो. कॉन्सन्ट्रेटर बंद पडून परत सुरू झाला की त्याला ऑक्सिजनचं प्रमाण पूर्ववत आणायला काही मिनिटं लागतात. म्हणजे वीस सेकंदांचा खंड आईच्या दृष्टीने काही मिनिटांचा होतो, आणि वादळी रात्री लाईट पाचदा गेली-आली तर तेवढ्या वेळा. त्यामुळे ते यंत्र थेट जनरेटरच्या भरवशावर ठेवू नका. त्याला स्वतंत्र शुद्ध साईनवेव्ह (लाईनसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर द्या, किमान एक केव्हीएचा, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर. हिशेब सोपा आहे: १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले वापरण्याजोगे ११०० च्या आसपास, यंत्र साधारण ३५० वॅट खातं, म्हणजे तीन तास. बॅटरी नवी असताना. दोन वर्षांनी दीड-दोन तास धरा. जनरेटर सुरू होईपर्यंतचे वीस सेकंद या इन्व्हर्टरला काहीच नाहीत. आणि जनरेटर सुरूच झाला नाही तर निदान दीड-दोन तास हातात असतात, तेवढ्यात कोणाला तरी बोलावता येतं. भरलेला सिलेंडर आणि रेग्युलेटर घरात हवाच, तो कुठला आणि किती लिटरवर लावायचा हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून यंत्रावर चिकटवा.

इथे एक खोडी आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं: यूपीएस मोड आणि साधा मोड. यूपीएस मोडमध्ये तो व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सीच्या बाबतीत फार सोवळा होतो. जनरेटरचा गव्हर्नर थोडा जरी डुलत असला तरी 'ही लाईट मला नको' म्हणून बॅटरीवरच बसून राहतो. बाहेर सेट धडधडतोय, घरात सगळं चालू आहे, आणि आईच्या खोलीतला इन्व्हर्टर गुपचूप बॅटरी संपवतोय. डिचोलीला एका घरी अगदी हेच झालं होतं, इन्व्हर्टर बीप करायला लागला तेव्हा कळलं. बसवल्यावर इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर 'मेन्स' दिसतं की 'बॅटरी', हे सेट चालू असताना डोळ्यांनी बघा.

अमेरिकेतल्या व्हिडिओंबद्दल. तिकडच्या घरगुती सेटांतले बरेच नैसर्गिक वायूवर किंवा प्रोपेनवर चालतात, वायू रस्त्याखालच्या नळातून येतो, टाकी भरायची भानगड नाही. छोटं दोन सिलेंडरचं इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेतं, कारण तिकडे ६० हर्ट्झ लागतात. तो सेट इथे आणून ५० हर्ट्झवर चालवायचा म्हणजे नसती कटकट. वाळपईच्या आत गॅसचा नळ नाही, म्हणून आपण डिझेलवरच बोलतोय. पेट्रोलचे छोटे पोर्टेबल सेट मी कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घराला सुचवत नाही. चोक, कार्ब्युरेटरमध्ये सुकलेलं पेट्रोल आणि सतत भरावी लागणारी टाकी, हे सगळं बघायला घरात धडधाकट माणूस लागतो.

किती केव्हीएचा घ्यायचा हे घरात काय चालवायचं यावर आहे, आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून मी सत्तरीतलं नेहमीचं घर धरतो. फ्रिज २०० वॅट. जुने पंखे सहा, मिळून ४५०. दिवे, टीव्ही, राउटर ३००. कॉन्सन्ट्रेटर ३५०, इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना वरचे ४०० पर्यंत. विहिरीचा एक एचपीचा पंप चालताना हजार-अकराशे. आईच्या खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी, हजार. सगळं एकदम लागलं तर ३८०० वॅट. गीझर आणि इंडक्शन यात धरलेले नाहीत, ते जनरेटरवर घ्यायचेच नाहीत, त्यांच्या लाईनी पॅनलमध्ये वेगळ्या काढायच्या. पाच केव्हीए म्हणजे चार किलोवॅट, काठावर. त्यात पंप सुरू होताना चार-सहा पट करंट ओढतो, तेव्हा दिवे मंद होतील आणि कॉन्टॅक्टर कुरकुरतील. म्हणून साडेसात केव्हीए, सिंगल फेज, कॅनपीवाला (आवाज दाबणाऱ्या लोखंडी पेटीतला). तुमच्याकडे थ्री फेज मीटर असेल तर गणित बदलतं, ते बघितल्याशिवाय सांगणार नाही.

'थोडा मोठाच घेऊया, पुढे उपयोगी पडेल' हे गोव्यात सगळेच म्हणतात. आणि इथेच तुमच्या हॉटेलवाल्याचा सेट येतो. २५ केव्हीए म्हणजे २० किलोवॅट. तुमच्या घरी रात्रीचा लोड दीड-दोन किलोवॅट, म्हणजे दहा टक्के. डिझेल इंजिन असं अर्धपोटी चालवलं की सिलेंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी आणि तेल मिसळून काळा चिकट रस सायलेन्सरमधून गळायला लागतो. आम्ही म्हणतो सेट लाळ गाळतो. महिनोन्‌महिने असं झालं की रिंगा चिकटतात, धूर वाढतो, आणि ज्या दिवशी खरंच लोड लागतो त्या दिवशी इंजिन दम टाकतं. तीस टक्क्यांच्या खाली नेहमी चालणारा सेट मी बसवत नाही. साडेसातचा सेट तुमच्या दोन किलोवॅटला तेहेतीस टक्क्यांवर येतो, तोही काठावरच आहे, म्हणून महिन्यातून एकदा अर्धा तास त्यावर पंप आणि एसी दोन्ही टाका.

शिवाय तो सेट थ्री फेज असणार. सिंगल फेज घराला एकाच फेजवर जोडला तर जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो आणि अल्टरनेटर तिरका लोड ओढत बसतो. आणि तो आज स्वस्त का निघालाय तेही बघा. १ जुलै २०२३ पासून जनरेटर इंजिनांना केंद्रीय प्रदूषण मंडळाचे नवे, सीपीसीबी चार प्लसचे धुराचे नियम लागू झाले. तेव्हापासून नवे सेट महागले आणि जुने बाजारात फिरायला लागले. जुना म्हणजे वाईटच असं नाही. पण हॉटेलात दहा वर्षं समुद्राच्या वाऱ्यात उभा राहिलेला सेट आतून काय असतो ते मी बघितलंय, कॅनपीला वरून रंग असतो आणि खालून बोट आरपार जातं.

आता पॅनलबद्दल, कारण जीव जातो तो इथे. मेन्सचा आणि जनरेटरचा कॉन्टॅक्टर कधीही एकाच वेळी लागता कामा नये. त्यासाठी दोन्हींमध्ये इलेक्ट्रिकल इंटरलॉक असतो, आणि शिवाय एक लोखंडी पट्टी, जी एक आत गेला की दुसऱ्याला शारीरिक अडवते. पॅनल उघडून ही पट्टी दाखवायला सांगा. नसेल तर घेऊ नका. जनरेटरची वीज उलटी लाईनवर गेली तर पोलावरचा ट्रान्सफॉर्मर ती ११ हजार व्होल्टची करून वर पाठवतो, आणि वर लाईन मेली आहे असं समजून काम करणारा लाईनमन असतो. मी अजूनही खेडेगावांत दोन्ही टोकांना पिन लावलेली केबल बघतो, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. ती केबल दिसली की मी कापून टाकतो. मालक रागावतो, रागावू दे.

न्यूट्रलसुद्धा चेंजओव्हरमधून (मेन्स आणि जनरेटर यांची अदलाबदल करणाऱ्या स्विचमधून) तुटला पाहिजे, म्हणजे सिंगल फेजला दोन पोल, थ्री फेजला चार. आणि सेटला स्वतःचं अर्थिंग, न्यूट्रलला वेगळं, बॉडीला वेगळं. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर घरातला आरसीसीबी (वीज गळली, शॉक लागला की लाईन तोडणारा स्विच) फॉल्टला सुटणारच नाही, वरून नुसता शोभेला. आपल्याकडे जमीन चिऱ्याची. पावसात ओली असते तेव्हा अर्थिंग झकास दाखवते, एप्रिल-मेमध्ये सुकली की रीडिंग भलतंच वर जातं. त्यामुळे अर्थिंग मोजायचं ते मे महिन्यात. जुलैमध्ये मोजून दिलेलं सर्टिफिकेट माझ्या लेखी कोरा कागद आहे.

पॅनल व्होल्टेज कसं मोजतो हे विचारा. स्वस्तातल्या पॅनलमध्ये नुसता एक रिले असतो, लाईट आहे की नाही एवढंच बघणारा. गोव्यात लाईट जाते त्यापेक्षा 'डिम' जास्त होते. १५० व्होल्ट येतात, बल्ब निखाऱ्यासारखे पिवळे, फ्रिजचा कॉम्प्रेसर घुं करत अडकलेला, आणि रिलेच्या मते लाईट आहे. बऱ्याचदा कॉन्टॅक्टरसुद्धा एवढ्यावर चिकटून राहतो. चांगल्या कंट्रोलरला खालची मर्यादा देता येते. मी १९० च्या खाली आणि २६० च्या वर मेन्स 'गेली' धरतो. वरची मर्यादाही महत्त्वाची आहे, न्यूट्रल तुटला की घरात ३०० च्यावर व्होल्टेज येतं आणि टीव्ही, राउटर, कॉन्सन्ट्रेटरचं बोर्ड सगळं एका क्षणात जातं.

आणि पॅनल बंदिस्त असू दे. माझ्याकडे येणाऱ्या पॅनलच्या तक्रारींत पालीचा वाटा मोठा आहे, हसू नका. रात्री कॉन्टॅक्टरची कॉईल गरम असते, पाल उबेला येते, दोन पट्ट्यांवर एकदम पाय ठेवते. हुमले (मुंग्या) तर रिलेच्या टोकांमध्ये घर करतात, मग संपर्कच होत नाही. केबल आत जाते त्या प्रत्येक भोकाला ग्लँड आणि सील लावून घ्या, आणि पॅनल बाहेर पडवीत न ठेवता घरात मेन बोर्डाजवळ बसवा. हे वडिलांसाठीही. ऑटोमध्ये सेट उठला नाही तर त्यांना जागेवरून, पावसात न जाता, 'मॅन्युअल' करून हिरवं बटण दाबता आलं पाहिजे.

इथपर्यंत पहिले पंधरा सेकंद झाले. चौदाव्या तासाची गोष्ट वेगळी आहे.

गोव्याची स्वतःची वीज जवळपास नाहीच, ती पश्चिम आणि दक्षिणेच्या ग्रिडमधून घाट उतरून येते. पण सत्तरीतली लाईट बहुतेक वेळा त्या मोठ्या लाईनींमुळे जात नाही. ती जाते तुमच्या गावाच्या ११ केव्हीच्या लाईनमुळे, जी रानातून येते. पहिल्या पावसात इन्सुलेटरवर उन्हाळाभर साचलेली धूळ ओली होऊन ट्रिप होते, ही दोन-तीन तासांची गोष्ट. झाड पडून पोल मोडला तर रात्र जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती. तुमचा सेट या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारासाठी आहे. दोन तासांसाठी तर इन्व्हर्टर पुरतो.

तौक्तेच्या वेळचा एक प्रसंग सांगतो. बार्देशातलं घर, सेट आम्हीच बसवलेला, दीड वर्षांचा. लाईट गेल्यावर व्यवस्थित उठला, नऊ तास चालला आणि थांबला. लाल दिवा: इंजिन तापलं. मी दुसऱ्या दिवशी पडलेल्या माडांतून वाट काढत पोचलो तर कॅनपीवर निळी ताडपत्री, दोरीनं घट्ट बांधलेली. मालकानं सेट भिजू नये म्हणून पावसाळ्याआधीच बांधली होती. गरम हवा बाहेर पडायची जाळी पूर्ण झाकलेली. एवढे नऊ तास तो चालला हेच नवल. कॅनपी पावसासाठीच बनवलेली असते, तिच्यावर हवं तर उंच पत्र्याचं छप्पर घाला, चारी बाजू मोकळ्या ठेवा, खाली दीड फुटाचा चौथरा करा म्हणजे अंगणातलं पाणी आत शिरणार नाही. कॅनपीवाल्या सेटचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत असायला मुभा आहे. रात्रीच्या गावात तो बऱ्यापैकी ऐकू येतो, म्हणून शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड नको. आणि आईच्या खोलीकडे तर नकोच. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासानं कळत नाही, आणि कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढत असतो. एक्झॉस्टचा पाईप वाऱ्याची दिशा बघून, खिडक्यांपासून लांब आणि वर काढायचा. बंद खोलीत किंवा पडवीच्या कोपऱ्यात सेट कधीच नाही.

डिझेलचं गणित. दोन किलोवॅटच्या आसपास लोडला साडेसातचा सेट तासाला एक ते सव्वा लिटर पितो. चौदा तास म्हणजे १४ ते १८ लिटर. टाकी किती लिटरची ते घेताना विचारा, आणि वर एक २० लिटरचा कॅन भरून ठेवा. पण ते डिझेल वर्षानुवर्षं ठेवू नका. आपल्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून घाम सुटतो, पाणी तळाला जातं, आणि त्या पाण्याच्या वरच्या थरात काळं शेवाळासारखं बुळबुळीत काहीतरी वाढतं. ते फिल्टरमध्ये गेलं की सेट सुरू होतो, पाच मिनिटं चालतो आणि गुदमरून थांबतो. टाकी भरलेली ठेवा, वॉटर सेपरेटरचं बूच महिन्यातून एकदा सैल करून पाणी काढा, वर्षभरात डिझेल वापरून संपवा. आणि टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. लाईनमध्ये हवा धरली की पंपाचा नट सोडून हवा काढावी लागते, ते वडिलांचं काम नव्हे.

लाल दिव्याकडे परत येतो. सेट न उठण्याची कारणं मी वर्षानुवर्षं बघत आलोय, आणि पहिल्या क्रमांकावर बॅटरी आहे. इंजिन, अल्टरनेटर, कंट्रोलर सगळं नवंकोरं असतं आणि १२ व्होल्टची बॅटरी चार वर्षांची. फोंड्याजवळच्या एका घरात मुलगा आखातात, घरी आजी आणि कामवाली. जूनच्या पहिल्या रात्री सेल्फनं नुसतं 'टक्' केलं. चार्जरचा पाच रुपयांचा फ्यूज मार्चमध्येच गेला होता. पॅनलवर हिरवा दिवा होता, कारण तो दिवा मेन्सचा. तेव्हापासून मी प्रत्येक पॅनलवर बॅटरी व्होल्टेजचा आकडा दिसेल असं करून देतो. १३ च्या वर असेल तर चार्जर काम करतोय. १२.४ दिसले तर मला फोन.

म्हणून सेट आठवड्यातून एकदा आपोआप दहा-पंधरा मिनिटं फिरेल असं कंट्रोलरमध्ये टाकून घ्या. वार आणि वेळ वडील जागे असतील अशी निवडा, उदाहरणार्थ रविवारी सकाळी दहा. त्यांनी उठून काही करायचं नाही, आवाज आला की ठीक, नाही आला तर तुम्हाला फोन. यानं बॅटरी, डिझेल, सेल्फ सगळं तपासलं जातं. अल्टरनेटरचं उरलेलं चुंबकत्वही टिकून राहतं. महिनोन्‌महिने न फिरलेल्या सेटमध्ये ते कधी जातं, मग इंजिन फिरतं पण वीजच येत नाही. तेल, तेलाचा फिल्टर आणि डिझेलचा फिल्टर वर्षाला एकदा बदलायचेच, सेट फक्त चाळीस तास चालला असला तरी.

कंट्रोलरला सिम टाकून पुण्यात मेसेज येईल अशी सोय मिळते. घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. लांबलचक लाईट गेली की मोबाईल टॉवरची बॅटरीही काही तासांत बसते, आणि सत्तरीत रेंज आधीच यथातथा. मेसेज आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असा अर्थ काढाल तर फसाल. त्यापेक्षा गावात चालत पाच मिनिटांवर राहणारा एक माणूस ठरवा, त्याला डिझेल ओतायला, सेट बंद करायला, मॅन्युअलवर घ्यायला शिकवा, आणि दर वर्षी गणेश चवथीला त्याचा मान राखा. चौदाव्या तासाला तोच येणार आहे.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी जनरेटरऐवजी सोलर सुचवलंय. छपरावरचं साधं ऑनग्रिड (बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं) सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद होतं, व्हायलाच हवं, लाईनमनसाठी. बॅटरीसकट हायब्रिड चांगलं आहे, आणि गावात लाईट रोज दोन-तीन तासच जात असती तर मी तुम्हाला जनरेटरऐवजी तेच सांगितलं असतं. पण तुमची अडचण जुलैतल्या सलग ढगाळ आठवड्याची आहे, तेव्हा पॅनल जवळपास उपाशीच. पुढे कधी दोन्ही लावलेत तर सोलरचा इन्व्हर्टर जनरेटरवर उलटी वीज ढकलणार नाही याची सोय आधी करून घ्या.

तर तुम्ही करायचं ते असं: पुढच्या आठवड्यात कॉन्सन्ट्रेटरचा वेगळा इन्व्हर्टर आणि भरलेला सिलेंडर, त्याला जनरेटरची वाट बघायची गरज नाही. मग घरी जाऊन मीटर किती फेजचा, पंप किती एचपीचा, एसी कुठला हे लिहून काढा आणि इथे टाका, मी साईज पक्की करून देतो. सेट परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच बसवा आणि मे संपायच्या आत, मिरग सुरू झाला की आमच्यापैकी कोणी फोन उचलत नाही. बसवून झाल्यावर कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला 'टेस्ट' बटण दाबून दाखवेल, त्यावर पैसे देऊ नका. वडिलांना शेजारी उभं करा, मीटरनंतरचा मेन स्विच स्वतः खाली ओढा, घड्याळ बघा, आणि आईच्या खोलीत जाऊन कॉन्सन्ट्रेटरचा आवाज एकदाही तुटला नाही ना ते ऐका.